मोहोळकर सरांचा केशलेख

प्राचार्य श्रीरंग मोहोळकर यांच्या सत्तरीच्या सत्कारात त्यांच्या पत्नीने दोन शब्द बोलायला नकार दिला, आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत सरांनी तिला वेडी ठरवायला काढलं.

'वेडी' हा शब्द अर्थात सरांनी कधीच वापरला नसता. त्यांचे शब्द धुतलेले, इस्त्री केलेले असत. डॉ. केतकी तगारे यांच्या सांगलीतल्या दवाखान्यात बसून ते म्हणाले, की वृंदाला आता स्मृतीची साथ उरलेली नाही, तिच्या भल्यासाठी कायदेशीर पालक नेमलेला बरा, आणि ते ओझं त्यांनाच उचलावं लागेल असं दिसतं. 'ओझं' म्हणताना त्यांनी डोळे मिटले. मानेपर्यंत रुळणारे त्यांचे रुपेरी केस पंख्याच्या वाऱ्यावर हलत होते. शेजारच्या खुर्चीत सहासष्ट वर्षांच्या वृंदाताई स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या.

केतकीने वृंदाताईंना विचारलं, आज वार कोणता. त्यांनी तोंड उघडेपर्यंत सर म्हणाले, "गुरुवार. सांग ना, गुरुवार." वृंदाताई म्हणाल्या, "गुरुवार." मग सरांनी केतकीकडे असं काही पाहिलं, की बघ, हे असं चाललंय.

सत्काराला केतकीही हजर होती. निवेदिकेने ध्वनिक्षेपक वृंदाताईंच्या हातात दिला, तेव्हा त्या उठल्या, "मला काही बोलायचं नाही," एवढंच म्हणाल्या आणि मंच उतरून बाहेर गेल्या. सभागृहात कुजबुज झाली. सरांनी भाषणाच्या ओघात 'तिच्या आजारा'चा हळुवार उल्लेख केला, तशी हजारभर माणसांनी हळहळून टाळ्या वाजवल्या. केतकीनेही वाजवल्या होत्या.

गेली अकरा वर्षं ती वृंदाताईंवर नैराश्याचे उपचार करत होती. सर दर महिन्याला पत्नीला स्वतः घेऊन येत, स्वतः बोलत, स्वतः औषधांच्या वेळा लिहून घेत. पहिल्या भेटीनंतर केतकीने नोंद केली होती: 'पती अत्यंत समजूतदार. रुग्णाचं भाग्य.' सर तिचे कॉलेजातले प्राचार्य. तिने दवाखाना काढला तेव्हा फीत त्यांनी कापली, आपल्या 'मनोदीप' संस्थेचं चिटणीसपद तिला दिलं, आणि प्रत्येक व्यासपीठावर 'आमची केतकी' म्हणून तिची ओळख करून दिली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही त्या 'आमची'ने ती सुखावायची. पुढे या गोष्टीची तिला सगळ्यात जास्त किळस आली.

२०४३ साल होतं. कुणालाही असा पालक नेमायचा तर दोन मनोविकारतज्ज्ञांची प्रमाणपत्रं लागत, त्यांतलं एक उपचार करणाऱ्या डॉक्टरचं, आणि दोन वर्षांपासून सोबत केशलेखही सक्तीचा झाला होता.

केशलेख म्हणजे केसाचं वाचन. माणूस ताणाखाली असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. रक्तात ते तासा-दोन तासांत ओसरतं, पण वाढत्या केसाच्या गाभ्यात त्याचा अंश अडकून राहतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे एका दिवसाच्या वाट्याला मिलिमीटरचा तिसरा भाग येतो. पूर्वी केस कुटून त्याची भुकटी तपासत, त्यातून फार तर महिन्याची सरासरी कळे. नव्या यंत्रात लेसर त्या एका दिवसाच्याही चकत्या करतो आणि गाभ्यातलं मोजून आलेख काढतो. कंबरेपर्यंत केस असलेल्या बाईची पाच वर्षं अशी दिवसागणिक वाचता येत. वृद्धाचा विसराळूपणा मेंदूच्या झिजेने आला आहे की सततच्या ताणाने, एवढंच न्यायालयाला त्यातून हवं असे. तुलनेसाठी घरात वावरणाऱ्या आणखी दोघांचे केस घेत. नमुना दोनदा घ्यायचा, महिन्याच्या अंतराने, म्हणजे चूक राहत नाही.

मोहोळकरांच्या घरचे दोघे म्हणजे स्वयंपाकाच्या सुरेखाबाई आणि ड्रायव्हर अण्णाप्पा. गाड्या आपल्या आपण चालायला लागून बरीच वर्षं झाली होती, पण गाडीचं दार उघडायला माणूस लागतो म्हणून सरांनी अण्णाप्पाला ठेवलं होतं. सरांनी आपलेही केस दिले. तशी गरज नव्हती, पण गावातल्या रुग्णालयात या यंत्राचं उद्घाटन त्यांच्याच हस्ते झालं होतं. त्या दिवशी ते अहंकार या विषयावर पन्नास मिनिटं बोलले होते. आता कात्रीखाली मान देत ते म्हणाले, "सुरुवात माझ्यापासून करा." प्रयोगशाळेतल्या मुलीने त्यांचा फोटो काढला. तो काढावा असं तिला त्यांनीच सुचवलं होतं.

दहा दिवसांनी चार आलेख केतकीच्या पडद्यावर आले.

तिने ते आधी एकेक करून पाहिले, आणि मग सवयीने एकमेकांवर ठेवले. वृंदाताई, सुरेखाबाई आणि अण्णाप्पा. ना नात्याचे, ना एका वयाचे, आणि दोघं रात्री आपापल्या घरी जाणारे. तरी तिघांच्या रेषा एकत्र चढत होत्या आणि एकत्र उतरत होत्या. अण्णाप्पाचे केस आखूड, त्याचे चारच महिने हाती लागले, पण त्या चार महिन्यांतही तो या दोघींच्या पावलावर पाऊल टाकून चालला होता. केतकीने 'मनोदीप'ची कार्यक्रमपत्रिका उघडली. सरांच्या दौऱ्यांच्या तारखा तिच्याकडेच असत. सर नागपूरला, तीन दिवस, रेषा खाली. सर दिल्लीला, रेषा खाली. ज्या संध्याकाळी सर परतले, त्या दिवशीच्या चकतीपासून रेषा वर.

सरांची स्वतःची रेषा तळ्यासारखी सपाट होती. यंत्राने तिच्याखाली आपला शेरा छापला होता: 'ताण नगण्य. स्वास्थ्य उत्तम.'

त्या तळ्यात दीड वर्षात तीनच लाटा होत्या. पहिली, एका मोठ्या पुरस्काराच्या यादीत दुसऱ्याच प्राचार्याचं नाव आलं तेव्हाची. दुसरी सत्तरीच्या सत्काराची. तिसरी तारीख पाहून केतकी पडद्यापासून मागे सरली. त्या दिवशी मनोविकारतज्ज्ञांच्या राज्य संघटनेने तिचाच गौरव केला होता. सर पहिल्या रांगेत होते. त्यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली होती आणि डोळे पुसले होते. त्या रात्रीच्या चकतीत वृंदाताईंची रेषा पाच वर्षांतल्या सर्वांत उंच जागी गेली होती.

मग केतकीने आपल्याच जुन्या नोंदी वाचायला घेतल्या. प्रत्येक भेटीचं ध्वनिमुद्रण जपलेलं होतं. अकरा वर्षांत वृंदाताई एकूण किती बोलल्या, ते तिने संगणकाकडून काढून घेतलं. ते सलग ऐकायला बावीस मिनिटं पुरली. त्यातलं बरंचसं 'हो' होतं.

आजाराचं नाव तिला विद्यार्थीदशेपासून पाठ होतं, आत्ममग्न व्यक्तिमत्त्व विकार. लक्षणंही पाठ होती. पण पुस्तकातल्या एकेका लक्षणाला गावात वेगळं, शोभिवंत नाव होतं, हे तिच्या आता ध्यानात आलं. स्वतःच्या थोरवीची भव्य कल्पना म्हणजे दूरदृष्टी. कौतुकाची न भागणारी भूक म्हणजे लोकसंग्रह, आणि तिच्यासाठी दरवर्षी एक सत्कार समिती. दुसऱ्याच्या दुःखाशी देणंघेणं नसणं म्हणजे स्थितप्रज्ञता. माणसं वापरून टाकून देणं म्हणजे शिस्त. एकोणीस वर्षांत तिने हे निदान दोनच माणसांना दिलं होतं. एक निवडणुकीत पडलेला, दुसरा नोकरीतून काढलेला. यशस्वी माणसाला हा आजार असू शकतो हे तिला सुचलंसुद्धा नव्हतं. आणि सुचणार तरी कसं? यशस्वी माणूस डॉक्टरकडे येत नाही. त्याला काही दुखत नाही. दुखतं ते त्याच्या घरच्यांना. तोच त्यांना हाताला धरून आणतो आणि डॉक्टर फाइल त्यांच्या नावाने उघडतो. केतकीने अशी एक फाइल अकरा वर्षं इमानेइतबारे जाड केली होती. वृंदाताईंचा विसराळूपणा बराचसा तिच्याच गोळ्यांचा होता.

तिने सरांना एकट्याला बोलावलं. ते आले, आलेख शांतपणे पाहिले आणि प्रसन्न झाले.

"म्हणजे मी घरात नसलो की ही तिघं अशी कोसळतात," ते म्हणाले. "बघ केतकी, एका माणसाच्या असण्याने घरात केवढा प्राण असतो. हे छापून आलं पाहिजे. माझं नाव घालू नकोस." थोडं थांबून ते म्हणाले, "किंवा घातलंस तरी माझी हरकत नाही."

केतकीने त्यांना समजावून सांगितलं की रेषा खाली जाते तेव्हा माणूस कोसळत नाही, त्याला विसावा मिळतो. ते गेले की घर विसावतं. तिने आणखी एक गोष्ट सांगितली: पालकत्वाच्या कागदावर ती सही करणार नाही, आणि त्यांनी स्वतःच्या तपासणीसाठी एकदा यावं.

सर रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडे मायेने पाहिलं, पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "केतकी बाळ, तुझी झोप नीट होते ना अलीकडे? संस्थेतल्या लोकांना तुझी काळजी वाटतेय. मी कुणाला काही बोललो नाही अजून."

हे वाक्य तिने ओळखलं. अकरा वर्षांपूर्वी, याच टेबलापलीकडून, याच आवाजात, ते वृंदाताईंबद्दल बोलले होते. तेव्हा तिने ते जसंच्या तसं फाइलमध्ये उतरवून घेतलं होतं.

पुढच्याच आठवड्यात सर सगळ्या घराला घेऊन तिरुपतीला गेले. पत्नीच्या प्रकृतीसाठी नवस बोललो होतो, असं त्यांनी जाण्याआधी वर्तमानपत्राला कळवलं. परतले तेव्हा चौघांचीही डोकी तुळतुळीत होती. सरांनी आपले रुपेरी केस आजारी पत्नीसाठी देवाला वाहिले म्हणून पहिल्या पानावर फोटो आला. त्यात मागे सुरेखाबाई पदर डोक्यावर ओढून उभ्या होत्या आणि अण्णाप्पा कॅमेऱ्याकडे पाठ करून.

यात सरांनी बेत किती केला आणि किती त्यांना आपोआपच सुचलं, हे केतकीला कधी ठरवता आलं नाही. बहुधा त्यांचा स्वतःचाही नवसावर विश्वास बसला असावा. पण दुसरा नमुना आता निदान तीन महिने मिळणार नव्हता, आणि त्याशिवाय पहिल्याला न्यायालयात किंमत नव्हती. सरांनी लगेच पत्र पाठवलं, की प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाल्याचा आपल्याला संशय आहे, कुणावर कारवाई होऊ नये, आणि न्यायालयाने केवळ तज्ज्ञांच्या मतावर निर्णय द्यावा. कोल्हापूरच्या एका तज्ज्ञाने त्यांना एका भेटीत प्रमाणपत्र देऊनही टाकलं. आता फक्त केतकीची सही राहिली होती.

केतकीच्या आईच्या बैठकीत गौरवाच्या दिवशीचा, सर शाल घालतानाचा फोटो चौकटीत लावलेला होता. आईचं म्हणणं, एवढ्या थोर माणसाचा शब्द मोडू नये, जाऊन पाया पड आणि मिटव. केतकीने फोटो उतरवला, त्यानंतर आई तिच्याशी पंधरा दिवस बोलली नाही. 'मनोदीप'च्या कार्यकारिणीत सरांनी जड अंतःकरणाने ठराव मांडला, की डॉक्टर तगारे यांना विश्रांतीची गरज आहे. ठराव एकमताने झाला. तिने ज्यांच्या मुलांवर फुकट उपचार केले होते, त्या दोघांनी अनुमोदन दिलं. त्यांच्याबद्दल तिला राग आला नाही. दोन महिन्यांपूर्वी अशाच ठरावाला तिनेही हात वर केला असता, आणि हे कळल्यावर तिला स्वतःकडे आरशात बघवेना.

एका मंगळवारी दुपारी सर आयोजकांच्या गाडीने मिरजेला व्याख्यानाला गेलेले असताना वृंदाताई दवाखान्यात आल्या. अण्णाप्पाने आणलं होतं. तो खाली गाडीत थांबला. वृंदाताईंच्या डोक्यावर सुती रुमाल, हातात छत्री. त्या पहिल्यांदाच एकट्या आल्या होत्या. नेहमीच्या खुर्चीकडे गेल्या, थबकल्या आणि सरांच्या खुर्चीत बसल्या. तिथून खिडकी दिसत होती.

केतकीने फारसं न बोलता आलेखाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. वृंदाताईंनी चष्मा लावला. बराच वेळ कागद न्याहाळला, मग टेबलावरची पेन्सिल आणि पट्टी मागितली. लग्नाआधी आणि नंतर थोडे दिवस त्या पाटबंधारे खात्यात आरेखक होत्या, हे केतकीला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. पुराच्या दिवसांत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी दर तासाला मोजत, आणि तिचे आलेख वृंदाताई काढत. सरांना बायकोने सरकारी टेबलावर बसणं शोभेना, म्हणून ती नोकरी सहा वर्षांनी सोडली.

त्यांनी पट्टी धरून कागदावर दोन आडव्या रेषा मारल्या.

"ही इशारा पातळी," त्या म्हणाल्या. "आणि ही धोका. माझं पाणी इशाऱ्याच्या खाली उतरलंय ते इथे, एकदाच."

ते चाळीस दिवस होते. सर मुलीकडे मेलबर्नला गेले होते तेव्हाचे. वृंदाताई पेन्सिलीचं टोक त्या उतारावरून हळूहळू नेत सांगत राहिल्या. त्या दिवसांत त्या रोज दुपारी झोपल्या होत्या. सुरेखाबाई आणि त्या एकत्र जेवायच्या. एकदा अण्णाप्पाला घेऊन औदुंबरला गेल्या आणि नदीकाठी दोन तास नुसत्या बसल्या, कुणाला सांगितलं नाही. केतकी ऐकत होती. बावीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

शेवटी केतकीने त्यांची माफी मागितली. सरांच्या आजाराचं नावही तिने त्यांना सांगितलं, आणि हेही सांगितलं, की ते नाव ती कुठल्याही कागदावर लिहू शकत नाही. निदानाला त्या माणसाची संमती लागते, आणि सर तपासणीला यायचे नाहीत. नुसते ऐकीव पुरावे दिले, तर त्याच्या स्वतःच्या जगण्यात काय अडलंय, असं न्यायालय विचारेल. सरांचं काहीच अडलेलं नाही. यंत्राच्या मते घरातला सर्वांत निरोगी माणूस तेच.

वृंदाताईंनी चष्मा काढून पुसला.

"ह्यांना काय झालंय ते मला चाळीस वर्षं ठाऊक आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव घेऊन मी काय करू? मला काय झालेलं नाही, तेवढं लिहून द्या."

केतकीने लिहून दिलं. वृंदा मोहोळकर यांना कोणताही मानसिक आजार नाही. गेली अकरा वर्षं माझं निदान चुकीचं होतं. त्यांच्यात आढळलेली मंदता मी दिलेल्या औषधांमुळे आहे, आणि ती औषधं टप्प्याटप्प्याने बंद करत आहे. खाली सही, शिक्का, तारीख. एक प्रत न्यायालयाला, एक वृंदाताईंना.

हा कागद सरांच्या हातात पडला तेव्हा त्यांनी त्याचं सोनं केलं. पाहा, डॉक्टर स्वतःच कबूल करते की अकरा वर्षं तिने माझ्या पत्नीला चुकीची औषधं दिली, असं ते भेटेल त्याला दुःखाने सांगू लागले. ते खरंच होतं, त्यामुळे केतकीला खोडता येईना. वैद्यक परिषदेकडे तक्रार गेली, तिला ताकीद मिळाली, रुग्ण निम्म्यावर आले. पण पालकत्वाचा अर्ज दुसऱ्या प्रमाणपत्राअभावी फेटाळला गेला. वृंदाताई मिरजेत दोन खोल्या घेऊन राहू लागल्या. अण्णाप्पाने त्यांचं सामान पोचवलं आणि गाडीची किल्ली सरांच्या फाटकावर अडकवून तो जयसिंगपूरला आपल्या गावी निघून गेला. गावाने सरांची बाजू घेतली. पत्नीने सोडून दिलेल्या सत्पुरुषाला त्या वर्षी आणखी दोन पुरस्कार मिळाले. यंत्राने छापलेलं 'स्वास्थ्य उत्तम' त्यांनी चौकट करून दिवाणखान्यात लावलं.

चौदा महिन्यांनी केतकीला कोल्हापूरहून फोन आला. डॉ. निनाद कुंभोजकर म्हणून नवीनच प्रॅक्टिस सुरू केलेला मनोविकारतज्ज्ञ होता. त्याच्याकडे सांगलीचे मोहोळकर सर आले होते. त्यांच्या धाकट्या विधवा बहिणीला, कुमुदताईंना, घेऊन. वृंदाताई घर सोडून गेल्यावर ते सांभाळायला त्या वर्षभरापूर्वी आल्या होत्या. आता त्यांची झोप उडाली आहे, जेवण तुटलं आहे, अधूनमधून रडतात. नैराश्य उघड दिसतंय, असं तो म्हणाला. घरात आधी एक आजारी बाई होती, म्हणून कौटुंबिक इतिहास विचारायला फोन केला. आणि न राहवून त्याने जोडलं, की एवढा समजूतदार भाऊ त्याने आजवर पाहिला नव्हता.

केतकीला बरंच काही सांगता आलं असतं. पण त्यातलं एकही वाक्य कायद्यात बसणारं नव्हतं, आणि जे बसलं असतं त्यावर या तरुणाचा विश्वास बसला नसता. तिचा स्वतःचा बसायला अकरा वर्षं लागली होती.

"आत्ता तुमच्यासमोर कोण बसलंय?" तिने विचारलं.

"सर आहेत. ताई बाहेर बाकावर बसल्यात."

"मग त्यांना बाहेर बसवा," केतकी म्हणाली, "आणि ताईंना आत घ्या. दार लावून घ्या, आणि त्या बोलेपर्यंत तुम्ही काही बोलू नका."

मग निनादने फोन बाजूला धरून अदबीने काहीतरी सांगितलं, आणि सरांचा तो मऊ, समजूतदार आवाज केतकीला स्पष्ट ऐकू आला. ते विचारत होते, "डॉक्टर, तुमची झोप होते ना नीट?"

"डॉक्टर कुंभोजकर," केतकी म्हणाली, "दार."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. नंतर दार लागलं. आत कोण राहिलं आणि बाहेर कोण गेलं, ते कळायच्या आत फोन बंद झाला.